डाव्या हाताचा घास

कादूला ठसका लागला तेव्हा तिच्या तोंडात रताळ्याचा तुकडा होता आणि माझ्या तोंडापुढे नंदाचा चमचा. चमचा वाटीत टाकून नंदा नातीकडे धावली. पण तिचं बोट पोरीच्या तोंडाशी पोचायच्या आत आमच्या सुनेने, रसिकाने, तिचा हात मधेच धरला.

"आई, थांबा. ती खोकतेय. आवाज येतोय ना? मग हात नाही लावायचा. बोट घातलं तर तुकडा अजून आत जाईल."

"अगं, लाल झालीय पोर."

"होऊ दे लाल. आवाज बंद झाला तर मी इथेच बसलेय. तेव्हा काय करायचं ते शिकून आलेय मी डॉक्टरकडून."

कादूने दोनदा ओकारी काढली, डोळ्यांत पाणी आणलं आणि तुकडा जिभेने पुढे ढकलून खुर्चीच्या फळीवर टाकला. मग एवढं काय झालं, अशा चेहऱ्याने आमच्याकडे बघितलं आणि तोच तुकडा उचलून परत तोंडात घातला. मला हसू आलं.

"हसताय काय? जरा घाबरा," नंदा म्हणाली आणि परत माझा चमचा भरायला लागली.

मी कशाला घाबरू? आमच्या घरात घाबरायचं काम नंदाने एकटीने अंगावर घेतलेलं होतं. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला कादूचा हेवा वाटत होता. सहा महिन्यांची पोर, दात एक नाही, आणि आपलं रताळं आपण खातेय. मी सहदेव, वागळे इस्टेटला कारखान्यात लेथ मशीनवर जन्म घालवलेला माणूस, आणि मला मिक्सरमधून काढलेला वरणभात बायको भरवतेय.

गेल्या गणपतीत माझ्या हातातून आरतीचं तबक सुटलं. आधी सगळ्यांना वाटलं, घामाने निसटलं असेल. मग तोंड वाकडं झालं आणि मीच तबकाच्या मागोमाग खाली आलो. उजवी बाजू गेली. पुढे पाय आला, काठी घेऊन चालतो. बोलणंही आलं, ते तर नंदाच्या मते जरा जास्तच आलं. हात तेवढा आला नाही. मांडीवर ठेवला की तिथेच राहतो.

दवाखान्यात असताना चहाचा घोट माझ्या भलतीकडे गेला होता. मी निळा पडलो. तेव्हा खोलीत एकटी नंदा होती. त्या घोटानंतर नाकातून नळी आली, आणि नळी निघाली तेव्हा नंदाचा चमचा आला. पुढे डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आता गिळणं व्यवस्थित आहे, सगळं खा, फक्त ताठ बसून आणि हळू. नंदाने त्यातलं 'हळू' तेवढं घरी आणलं. मी तिला दोष देत नाही. पण एखाद्याने प्रेमाने मुस्कटदाबी केली तरी ती मुस्कटदाबीच ना?

डाव्या हाताने जेवून का बघितलं नाही, असं कुणी विचारेल. बघितलं की. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात ताटात डावा हात घातला, तर नंदाने मनगट धरलं. "तो नको हो. तो हात ताटाला नको. मी आहे ना." शेजारच्या खोलीत देव, आणि हा हात कशासाठी असतो ते सगळ्यांना माहीत. मलाही कसंसंच झालं होतं. लेथवर असं कधी झालं नाही. तिथे एक चाक डाव्या हातात, एक उजव्या हातात, आणि दोन्ही हात सारखेच काळे. पण ताट म्हटलं की माणूस वेगळाच होतो. मी हात मागे घेतला आणि तोंड उघडलं. ते तेव्हापासून उघडतच होतो.

आमच्या नातीचं नाव कादंबरी. घरात कॅलेंडरशिवाय वाचायला काही नाही, पण नाव कादंबरी. ती आधाराशिवाय बसायला लागली तशी रसिकाने जाहीर केलं की, चमचा नाही, मिक्सर नाही, पेज नाही. बोटाएवढा मऊ शिजवलेला तुकडा समोर ठेवायचा. उचलायचा तिने, खायचा तिने, आणि पोट भरलं हे पण सांगायचं तिने.

"आणि सांडेल ते?" नंदाने विचारलं.

"सांडू दे. खाली मेणकापड टाकलंय."

"आम्ही काय पोरं वाढवली नाहीत?"

"वाढवलीत ना, आई. मी कुठे नाही बोलले?"

माझा मुलगा साईनाथ अशा वेळी टेबलफॅनसारखा दोन्हीकडे मान फिरवतो. आई बोलते ते पण बरोबर, रसिका बोलते ते पण बरोबर. त्याचं जेवण कधी अडत नाही, कारण त्याला दोघीही वाढतात.

त्यात घोळ असा की कादूचं उष्टावण अजून झालंच नव्हतं. रीत अशी की मामाने सोन्याच्या अंगठीने खीर चाटवायची आणि तो बाळाचा पहिला घास. पण ठाण्याची माझी थोरली बहीण, कमळाक्का, लग्नांच्या गर्दीत मोकळी होईना, आणि तिच्याशिवाय आमच्याकडे पान हलत नाही. तोवर कादूने रताळं, भोपळा, गाजर, इडली सगळं पार केलं होतं. नंदाने घरातल्या सगळ्यांना ताकीद दिली, "आक्कांसमोर कुणी बोलायचं नाही. पोरीने अजून काही खाल्लेलं नाही. दूधच पिते ती."

मे महिन्यातल्या एका दुपारी नंदा भाजी आणायला मानपाडा रोडला गेलेली. रसिकाने आंबा कापला, फोडी आमच्यासाठी ठेवल्या आणि बाठा कादूच्या हातात दिला. कादू त्याच्यावर अशी तुटून पडली की नाकापासून कोपरापर्यंत पिवळी झाली. मला माझा रस यायचा होता. चमच्याने, गाळून.

"रसिका, दुसरा बाठा आहे?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या डाव्या हाताकडे.

"आहे. पण बाबा, ताठ बसा. आणि मी समोर बसणार."

"बस की."

"खाली मेणकापड टाकू?"

"टाक. लाज कसली?"

बाठा चमच्याने खाता येत नाही, हे एक बरं आहे. पहिल्यांदा तो निसटून मांडीवर पडला, मग काठीपाशी. रसिकाने धुऊन परत दिला. डाव्या हाताला तोंड कुठे आहे तेच नीट माहीत नव्हतं, तो गालाला जाऊन लागला. पण एकदा दात लागले आणि दोरे निघायला लागले तेव्हा, काय सांगू, माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. चव तर रसालाही असते. पण किती चावायचं, कधी थांबायचं, हे कित्येक महिन्यांत मला कुणी विचारलंच नव्हतं. समोर कादू टक लावून बघत होती. तिने आपला बाठा फळीवर आपटला, मीही टेबलावर आपटला.

त्यानंतर नंदा घराबाहेर पडली की आमची पंगत बसायची. इडली, थालीपीठ, मग भात. भाताने फार छळलं. पण लेथवर सुतासुताचं माप साधायला शिकलेला हात तो, दोन आठवड्यांत घास करायला लागला. किळस गेली कधी ते कळलंही नाही. नंदाला मात्र सांगायचा धीर झाला नाही. आणि वेळ कमी होता. जूनमध्ये रसिकाची रजा संपणार. मग दिवसभर कादू आणि मी, दोघं नंदाच्या हातात. नंदा मिक्सर घासूनपुसून तयार ठेवणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणजे कायमचं ते. मेलो तरी शेवटचं पाणी चमच्यानेच.

उष्टावणाच्या दिवशी सकाळी नंदा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तुम्हाला आत आधी भरवून घेते. मग बाहेर येऊन बसा."

"मी सगळ्यांबरोबर जेवणार."

"मग लोकांसमोर भरवू? बरं दिसेल?"

"भरवू नकोच."

"मग काय उपाशी बसणार?"

मी काठी टेकत बाहेर खुर्चीत जाऊन बसलो. आत काही गेलो नाही. ती दोनदा बोलवायला आली, तिसऱ्यांदा आली नाही.

आंबिवलीहून रसिकाचा भाऊ नयन आला, तिची आई मालनताई आल्या. आक्का रिक्षातून उतरल्या उतरल्या सूचना करायला लागली. नयनने भाचीला मांडीवर घेतलं, चांदीच्या वाटीतल्या खिरीत अंगठी बुडवली आणि तिच्या ओठांपाशी नेली. कादूने तोंड मिटून घेतलं. त्याने परत नेली, तिने मान फिरवली. कुणी काही तोंडात कोंबावं याची तिला सवयच नव्हती. मग तिने स्वतः वाकून वाटीत हात घातला, मूठभर शेवया काढल्या आणि सराईतपणे तोंडात भरल्या.

"पहिल्याच घासाला केवढी समज," मालनताई कौतुकाने म्हणाल्या. साईनाथ खिडकीबाहेर बघायला लागला.

आक्काला मात्र दुसरंच दिसलं. "अगं, डावा हात. नंदा, धर तो हात. उष्टावणालाच डावा?"

नंदाने धरला. कादूने झटका दिला तसा आणखी घट्ट धरला आणि उजव्या मुठीत शेवया कोंबायला गेली. पोरीने असा टाहो फोडला की नयनच्या हातून अंगठी वाटीत पडली. रसिका पुढे आली, पण आक्का मधे बसलेली. आणि मला ते मनगट दिसत होतं. एवढंसं, नंदाच्या मुठीत पूर्ण बुडालेलं.

"नंदा, हात सोड तिचा," मी म्हटलं.

"तू मधे पडू नको, सहदेवा," आक्का म्हणाली. "आत्ता सवय मोडली नाही तर उद्या सासरी काय सांगणार?"

"सासरी जाईल तेव्हा बघू. आत्ता तिला भूक लागलीय. सोड, नंदा."

माझा आवाज चढला असावा, कारण नंदाने सोडला. कादूने हुंदके देत देत परत डावाच हात वाटीत घातला. रसिकाने तिला उचलून आपल्या मांडीवर घेतलं, वाटीसकट.

पानं घेतली. बाकीचे खाली बसले, मी टेबलापाशी खुर्चीत. नंदा माझी वेगळी वाटी आणि चमचा घेऊन आली. मी साईनाथला म्हटलं, "मला ताट वाढ. सगळ्यांसारखं."

तो आईकडे बघायला लागला. रसिकाकडेही बघितलं. मग, देवाची कृपा, उठला आणि ताट वाढून आणलं.

मी बाही वर घ्यायला वाकलो. ती दाताने धरून ओढावी लागते. मग डाव्या हाताने भात फोडला, वरण कालवलं. खाली सगळ्यांचे हात थांबले होते.

"अरे, काय करतोस?" आक्का म्हणाली. "चारचौघांत? देवाच्या कार्याला?"

"जेवतोय."

"त्या हाताने?"

"उजवा गेला, आक्का. देवाने नेला म्हण नाहीतर बीपीने नेला म्हण. उरला तो हा. मी काय करू?"

"नंदा आहे ना भरवायला. एवढं करते बिचारी."

"नंदा आहे. म्हणून मी नाही का?"

मी घास केला. निम्मा भात शर्टावर पडला, निम्मा तोंडात गेला. चावला, गिळला. नंदा वाटी हातात धरून माझ्या गळ्याकडे बघत होती. घास खाली उतरेपर्यंत तिने श्वास घेतला नसावा. मला ते दिसलं आणि वाईटही वाटलं. पण मी दुसरा घास केला. मग तिसरा. तिसरा पुरा तोंडात गेला.

नंदा वळून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ वाहत राहिला. खाली नयनने मान घालून जेवायला सुरुवात केली, मग मालनताईंनी. आक्काने आपलं ताट जरा पलीकडे सरकवलं, तिची मर्जी. मी खात राहिलो. बटाट्याची फोड पळत होती, तिला ताटाच्या काठाशी गाठलं.

नंदा बाहेर आली ती वरणाचं भांडं घेऊन. डोळे लाल होते. सगळ्यांना वाढत वाढत माझ्यापाशी आली. माझ्या हनुवटीवर वरण ओघळलेलं. तिने सवयीने पदर उचलला, माझ्या तोंडापर्यंत आणला आणि तिथे तिचा हात थांबला. मी तोंड पुढे केलं नाही. तीही हलली नाही. मग तिने पदराचं टोक माझ्या डाव्या हातात दिलं आणि भांडं सांभाळत, मान दुसरीकडे करून, तशीच उभी राहिली.

मी तोंड पुसलं. माझ्या पद्धतीने, सावकाश. थोडं राहिलं असेल. टोक तिला परत दिलं आणि म्हटलं, "आता वाढ."