पांढऱ्या वड्या

विद्यापीठात उद्योजकता शिकवणाऱ्या मॅडमना वर्ष सुरू होतानाच विभागप्रमुखांनी बजावलं होतं, "बाई, फळ्यावरचा उद्योग पुरे झाला. यंदाच्या मेळ्यात मुलांनी स्वतःचा माल विकून दाखवला नाही, तर हा अभ्यासक्रम बंद."

अभ्यासक्रम बंद म्हणजे मॅडमची नोकरीही बंद. नवरा हयात असताना दोघांनी मिळून साबणाचा छोटा कारखाना चालवला होता. तेवढंच एक काम त्यांच्या हातात मुरलेलं होतं. प्रयोगशाळेचा एक कोपरा मागून घेऊन त्यांनी मुलांना साबण करायला शिकवलं.

मुलं रमली. वर्गात कधी तोंड न उघडणारा, म्हणून सगळे ज्याला मुखस्तंभ म्हणत, तो तर तेल तापवताना चक्क गुणगुणायला लागला. बिनरंगाच्या, बिनवासाच्या पांढऱ्या वड्या खास बाळांसाठी करायच्या, ही कल्पना त्याचीच. ज्या मुलीला बडबडीमुळे रेडिओ हे नाव पडलं होतं, तिने विक्री अंगावर घेतली. मेळ्याची तारीख अचानक अलीकडे आली आणि सगळ्यांची धांदल उडाली. बाकीच्या खेपा मॅडमनी तपासल्या. पांढरी शेवटची होती, ती तेवढी राहून गेली.

मेळ्यात माल हातोहात खपला. प्रमुख स्वतः येऊन पाठ थोपटून गेले.

दुपारी आवराआवर करताना मॅडमनी पांढऱ्या वडीचा एक तुटका तुकडा, कारखान्यात साबण पारखायच्या जुन्या सवयीने, जिभेच्या टोकाला लावला. विजेचा झटका बसावा तसा चटका बसला. त्यांनी पुन्हा लावून पाहिला. तोच चटका.

"कॉस्टिक सोडा जास्त झालाय यात, कातडी भाजेल," त्या म्हणाल्या. "कोणी घातला होता?"

मुखस्तंभाच्या तोंडचं पाणी पळालं. "मी. पाण्यात घातला, तेवढ्यात आईचा फोन आला. बोलून परत आलो, तर वाटलं, अजून घालायचाय... मॅडम, दोनदा पडला असणार."

मॅडम धावत प्रमुखांकडे गेल्या. प्रमुखांनी आधी दार लोटून घेतलं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. फार तर एखाद्याला खाज सुटेल. बोभाटा केलात, तर तुम्हीही जाल आणि मुलांचं वर्षही जाईल."

"सर, तान्ह्या बाळांसाठी म्हणून विकलंय आम्ही!"

मॅडमनी स्टेजवर जाऊन निवेदकाच्या हातातला माइक घेतला. आवाज फाटला, पण सांगायचं ते सांगून झालं. लोक वड्या घेऊन परत आले. कोणी निमूटपणे दिल्या, कोणी मुलांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. जे निघून गेले होते, त्यांना रेडिओने विक्रीच्या वहीतल्या नंबरांवर फोन लावले. शेवटी एकाच वडीचा पत्ता लागेना.

"ती एका आजींनी नेली," रेडिओ रडवेली झाली. "फोन नाही म्हणाल्या. मुलगी बाळंत झालीय, नातीला संध्याकाळी अंघोळ घालते म्हणाल्या. बेकरीच्या मागच्या गल्लीत राहतात, एवढंच बोलल्या."

संध्याकाळ तर झालीच होती. तिघं धावत सुटली. गल्लीत दोन्ही बाजूंना दारंच दारं. मॅडम एकेक दार ठोठावत, "घरात तान्हं बाळ आहे का हो?" असं विचारत सुटल्या. कोणी मान हलवली, कोणी संशयाने दार लावून घेतलं. मुखस्तंभ गल्लीच्या मधोमध उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडला, "आजी, साबण लावू नका! आजी!"

वरच्या मजल्यावरून बाळाचा टाहो ऐकू आला. तिघं जिना चढली. दार उघडंच होतं. आजी न्हाणीघरात पाय पसरून बसल्या होत्या, पायांवर बाळ, आणि त्याच्या मांडीवर फेस.

मॅडमनी नळ मोठा सोडला आणि बाळ धारेखाली धरलं. फेस गेला. खाली कातडी लालभडक झाली होती. आजींची बोटंही भाजली होती, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"ही रडते म्हणून मी आणखी चोळत होते हो," त्या पुटपुटल्या.

बाळाची आई खोलीतून भिंत धरत आली. काय झालं ते कळल्यावर तिने मॅडमकडे पाहिलं. "शिकवता काय तुम्ही या पोरांना?"

मॅडम बाळाला घेऊन जिना उतरल्या. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "जखम वरवरची आहे, भरून येईल." तरी मुखस्तंभ बाहेरच्या बाकावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिला.

चौकशीत त्याने सगळा दोष स्वतःवर घेतला. मॅडम मध्येच म्हणाल्या, "तपासल्याशिवाय माल टेबलावर ठेवू दिला तो मी. याचं नाव त्यात घालू नका." त्याचं वर्ष वाचलं. अभ्यासक्रम बंद झाला आणि मॅडमची नोकरीही गेली.

काही दिवसांनी त्या बाळाला पाहायला गेल्या. मुखस्तंभ सोबत आला, पण जिना चढायचा त्याला धीर होईना. दार बाळाच्या आईने उघडलं.

"बरी आहे. डाग राहणार नाही म्हणतात," ती म्हणाली. "पण पुन्हा येऊ नका."

दार लागलं. मॅडम कठड्याला धरून खाली आल्या. मुखस्तंभ शेवटच्या पायरीवर बसला होता.

"काय म्हणाल्या?"

"बरी आहे म्हणाल्या. डाग राहणार नाही."

त्याने गुडघ्यांत तोंड खुपसलं आणि हमसून हमसून रडू लागला. मॅडम त्याच्याशेजारी बसल्या. जिन्यावरून जाणाऱ्या लोकांना वाट द्यायला तेवढ्या सरकत होत्या.