शेवटचं लुगडं

नाटक मंडळीत माझं काम घंटा, पडदा आणि शिट्टी. माझ्या शिट्टीशिवाय रंगमंचावर पान हलत नसे. पण कपडेपटाचा माणूस पळाला आणि वाल्मिकरावाला लुगडी नेसवायचं झेंगट माझ्या गळ्यात आलं. तेव्हा बायकांची कामं बाप्येच करत, आणि वाल्मिकराव आमची नायिका. मालकाचा मेहुणा. गळा गोड, जीभ विंचवाची. चुणी जरा वाकडी झाली की भर रंगपटात लाथ घालायचा. मला त्याचा मनापासून तिटकारा होता, आजही आहे.

ही गोष्ट माझ्या सासुरवाडीला, शेलूला पोचली. पाणवठ्यावर बायका माझ्या सुंदराला हसल्या, "नवरा बाप्यांना लुगडी नेसवतो!" माहेरी गेलेली सुंदरा परत येईना. मी निरोप धाडला, तुझ्या नवऱ्याच्या, या मालोजीच्या शिट्टीवर अख्खं नाटक चालतं, खोपोलीला आमचा मुक्काम आहे, येऊन एकदा बघ. ती कबूल झाली. मी तिच्यासाठी हिरवं लुगडं घेऊन ट्रंकेत ठेवलं.

ती येणार त्या संध्याकाळी नेमका द्रौपदीचा खेळ. वाल्मिकरावाच्या अंगावर एकावर एक लुगडी चढवायची, दुःशासनानं ती ओढत जायची. शेवटच्याला हात लागला की मी शिट्टी द्यायची, मग दुःशासन दमून पडे आणि पडदा पडे. पण शेवटचं लुगडं उंदरांनी कुरतडलेलं निघालं. वाल्मिकरावानं सरळ माझी ट्रंक उघडली.

"ते माझ्या बायकोचं हाय!"

"मग तिला सांग, द्रौपदीला दिलं. नेसव."

मालक पान चघळत बघत राहिला. मी नेसवलं, आणि ओढून सुटू नये म्हणून कमरेला करकचून गाठ मारली.

खोपोलीत वीजघर झालं तरी आमच्या मांडवात गॅसबत्त्याच. त्या उजेडात बायकांत बसलेली सुंदरा विंगेतून दिसत होती. दुःशासन झालेला चांगो एकेक लुगडं ओढत होता, आणि शिट्टी ऐकल्याशिवाय तो थांबणारा नव्हता. मी गप्प राहिलो असतो तर हिरवं लुगडं टराटरा फाटून वाल्मिकराव भरल्या मांडवात लंगोटीवर आला असता. देवाशपथ, गप्प राहावंसं वाटलं. पण चांगोच्या घामट मुठीत सुंदराचा पदर आला आणि मी शिट्टी फुंकली. टाळ्या वाल्मिकरावाला पडल्या.

आत आल्यावर त्याला गाठ सुटेना. त्यानं कात्री उचलली. मी ती हिसकावली, गुडघे टेकले आणि दातांनी गाठ सोडवू लागलो. तेवढ्यात सुंदरा आत आली. तोंडावर हसू मावत नव्हतं.

"तुमचीच शिट्टी ना ती? समद्या बायांना सांगितलं मी..."

ती जागीच थबकली.

"ये बाई," वाल्मिकराव म्हणाला. "कामाचा आहे तुझा नवरा. चुण्या झकास घालतो."

"सुंदरा, हे तुझंच हाय गं. तुझ्यासाठीच घेतलंय."

तिनं लुगड्याकडं पाहिलं, मग माझ्या गुडघ्यांकडं.

"राहू द्या. त्यांनाच शोभतंय."

ती निघून गेली. गाठ अर्धी सुटली होती. मी ती पुन्हा आवळली, पहिल्यापेक्षा घट्ट, आणि कात्री खिशात टाकून तिच्यामागं धावत सुटलो. पुढचा अंक त्यांनी कोणाच्या शिट्टीवर केला, मला ठाऊक नाही.