माफ केलेला माणूस

माझ्या आईनं लंबूला माफ केलं तेव्हा अख्खं चर्च रडलं. मी नाही रडले. मला तेव्हाच शंका आली होती.

लंबू म्हणजे माझ्या दादाचा जोडीदार. दोघं लिफ्ट दुरुस्त करायचे. लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरणाऱ्यानं मेन स्विचला स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली खिशात ठेवायची, हा त्यांच्या कामातला पहिला नियम. पण आमचा दादा एक नंबरचा विसरभोळा! काम झालं की कुलूप तसंच लटकवून चहाला पसार. म्हणून त्यानंच लंबूला एक जादा किल्ली देऊन ठेवली होती. त्या दिवशी दादा खड्ड्यातच होता. लंबूनं हाक मारली, उत्तर आलं नाही. गेला असेल विसरून, म्हणत त्यानं कुलूप काढलं आणि लिफ्ट खाली सोडली. दादाचं तोंडसुद्धा आम्हाला बघू दिलं नाही.

फादर आईला म्हणाले, "क्षमा म्हणजे विसरणं नव्हे. देव त्याच्याकडे ज्या नजरेनं बघतो, त्या नजरेनं बघा. चुकीच्या पलीकडचा माणूस दिसला पाहिजे." आईनं मान डोलावली आणि बघायला सुरुवात केली. बाप रे, काय ते बघणं!

दर रविवारी प्रार्थनेनंतर लंबूला जेवायला आणायचं. दादाच्या खुर्चीत बसवायचं, दादाच्या ताटात वाढायचं आणि समोर बसून एकटक बघत राहायचं. "खा रे बाळा. त्यालाही एवढंच लागायचं. लाजतोस काय, मी माफ केलंय ना तुला?" कोणी शेजारीण डोकावली की, "हाच तो. माफ केलंय मी त्याला." शेजारीण डोळे पुसायची, लंबूच्या घशाखाली घास उतरायचा नाही. दीड वर्षात माणूस वाळून काटकुळा झाला. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला मजाच वाटायची. भोग म्हणावं!

मग एका रविवारी तो चाचरत म्हणाला, "मावशी, दुसऱ्या शहरात काम मिळतंय. गोदामात. जाऊ का?"

आई हसली. "जा की, मी कुठं अडवलंय? एक गेला, आता दुसराही जाऊ दे. तरी माझ्या मनात तुझ्याबद्दल काही नाही हो."

"नको. राहतो मी," लंबू म्हणाला.

तेव्हा मी त्याच्याकडे बघितलं. खरंखुरं, पहिल्यांदाच. शर्टाचं एक बटण तुटलेलं, नखं चावून चावून रक्ताळलेली. दादाचा विसराळूपणा रोज मुकाट्यानं निस्तरणारा माणूस होता हा. त्याचाही दादा गेला होता, आणि आमच्यापैकी कोणी त्याला त्याबद्दल एका शब्दानं विचारलं नव्हतं. मला भयंकर राग आला. या वेळी तो लंबूवर नव्हता.

मी त्याला जिन्यात गाठलं. "उद्याच्या उद्या नीघ. परत इथं पाऊल टाकलंस तर तंगडी मोडीन."

"ताई, तुमच्या मनात अजून..."

"गप रे! माझ्या मनात काही नाही म्हणून तर जा म्हणतेय."

तो पायरीवर बसून हमसून हमसून रडला. मग गेला.

पुढच्या रविवारी आई दोन वाजेपर्यंत वाट बघत बसली. "काय बोललीस त्याला?" मी खरं ते सांगितलं. वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली असती तर फार बरं झालं असतं.

त्यानंतरच्या रविवारी चर्चमध्ये प्रार्थना संपली आणि आई माझं मनगट धरून उभी राहिली. सगळे थांबले. "माझ्या मुलीनं माझा दुसरा मुलगा माझ्यापासून तोडला," ती शांतपणे म्हणाली, "पण मी तिला माफ केलंय."

बायका येऊन माझ्या गालावरून हात फिरवू लागल्या. किती नशीबवान गं तू, म्हणाल्या. मनगट सोडवावंसं वाटलं, जिवाच्या आकांतानं वाटलं. पण लंबूला निदान दुसरं शहर होतं. मी आईला सोडून कुठं जाणार?