गाढवाविषयीच्या सात तक्रारी

व्हिक्टोरिया राणीच्या काळी कॅम्बरवेलच्या आपल्या गल्लीत कोणकोण चित्रकार राहून गेले, याचा छडा लावायचं वेड ग्लेनिस ट्रेलोरला पोस्टातून निवृत्त झाल्यावर लागलं. दर जूनमध्ये एका रविवारी ती हौशी मंडळींना घेऊन गल्लीभर फिरे आणि कुठल्या घरात कोणी काय रंगवलं ते सांगे.

तेरा नंबरात एडमंड क्विल्टर राहायचा. जनावरं रंगवण्यात त्याचा हातखंडा. शेजारच्या पंधरा नंबरात आता बर्नार्ड विटकोम राहत. चार पिढ्या तिथेच. "आमचे पणजोबा आणि क्विल्टर म्हणजे जिवाभावाचे दोस्त," असं ते दरवर्षी छाती फुगवून ऐकवत.

यंदा ग्रंथालयातल्या जुन्या कागदांत ग्लेनिसला त्या पणजोबांची सात पत्रं सापडली. सातही वॉर्डाच्या कचेरीला, आणि सातही तक्रारीची. क्विल्टरने चित्रासाठी गाढव पाळलंय. ते उजाडायच्या आत ओरडतं. त्याने आमचे गुलाब खाल्ले. काल तर ते आमच्या खिडकीत तोंड घालून उभं होतं.

आधी तिला हसू फुटलं, मग बर्नार्ड आठवले. चारचौघांत वाचलं तर बिचाऱ्यांचं तोंड उतरेल. लपवावं तर मन खाईल. शेवटी पत्रांच्या प्रती घेऊन तिने पंधरा नंबरची घंटा वाजवली.

बर्नार्डनी चष्मा लावून एकेक पत्र वाचलं. चहा निवून गेला.

"दोस्त कसले, हाडवैरी होते की हो!" ते म्हणाले.

"मी नाही वाचणार रविवारी. तुम्ही म्हणाल तसं."

"थांबा जरा. या सातव्याच्या पाठीवर काय आहे?"

कचेरीने सातवं पत्र खुलाशासाठी क्विल्टरकडे धाडलं होतं आणि त्याने खुलासा पेन्सिलीने चितारून परत केला होता. खिडकीत झोपेची टोपी घातलेला, गाल फुगवलेला एक माणूस. बाहेर तितकंच रागावलेलं गाढव. दोघांची नाकं एकमेकांना टेकलेली.

बर्नार्डनी आपल्या नाकावरून बोट फिरवलं. "नाक आमच्याच घराण्याचं," ते म्हणाले आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "ग्लेनिसबाई, त्याने आमच्या माणसाला समोर ठेवून काढलंय हे. दोस्तीचं काय घेऊन बसलात!"

"मग वाचू?"

"तुम्ही कशाला? मी वाचतो. तुमच्या आवाजाला तो चिडका सूर जमायचा नाही."

रविवारी बर्नार्ड आपल्या पायरीवर उभे राहिले आणि सातही तक्रारी ठसक्यात वाचल्या. गुलाबांच्या पत्राला तर टाळ्या पडल्या. लोक चित्राच्या प्रतीभोवती असे गोळा झाले, की पुढच्या घराकडे कोणी हलेना. ग्लेनिसनेही घाई केली नाही. कुंपणाला टेकून, बिस्किट खात ती ऐकत राहिली.