पुढच्या वर्षीची कारवी

उकिडव्यांच्या घरात वय वर्षांत सांगत नसत, कारव्यांत सांगत. लेक तीन कारव्यांची झाली तरी तिला पोळी गोल लाटता येत नाही, असं शरच्चंद्र उकिडवे पाहुण्यांसमोर बिनदिक्कत म्हणत. पाहुणे बुचकळ्यात पडले की सर खुलत. कारवी म्हणजे समोरच्या डोंगरावरचं झुडूप. सात वर्षं नुसती पानं मिरवतं, आठव्या वर्षी अख्खा उतार जांभळा करून टाकतं आणि बी धरून मरून जातं. हे सांगायला लागले की पाहुण्यांचा चहा हमखास गार होई.

सर अंधेरीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. बोरिवलीला नॅशनल पार्कच्या कुंपणालगत घर घेतलं तेव्हा नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. स्टेशन लांब, वर बिबट्याची भीती. सरांचं उत्तर ठरलेलं असे. समुद्रावरचा वारा या डोंगरांना अडतो म्हणून पाऊस पडतो, पाऊस पडतो म्हणून जंगल आहे, आणि जंगलाच्या दारात राहायला मिळत असताना स्टेशनच्या दारात कोण मरायला जाईल?

क्षमा त्यांना भेटली तीही कारवीतच, चौऱ्याऐंशी साली, एका सहलीत. तिने फुलाचा तुरा तोडला म्हणून त्यांनी तिला चारचौघांत झापलं होतं आणि वर्षभरात मागणीही घातली होती. तेव्हापासून दर फुलोऱ्याला दोघं कान्हेरीच्या रस्त्यावरच्या त्याच उताराशी जात. फूल तोडायचं नाही हा सरांचा कायदा. खाली पडलेलं एक मात्र ते स्वतः उचलून तिच्या केसांत खोचत. एरवी माणूस भलताच रुक्ष, पण आठ वर्षांतून एकदा एवढं करी, आणि क्षमाला ते पुरत असे.

मग विसरणं आलं. आधी किल्ल्या गेल्या, मग शेजारी, मग पोटची पोर दीप्ती. झाडं मात्र सरांच्या डोक्यात जागच्या जागी होती.

चोवीसच्या ऑगस्टमध्ये, फुलोऱ्याच्या थोडं आधी, सर घरातल्या चपलांवरच डोंगराकडे निघून गेले. श्यामसुंदर नावाच्या वनरक्षकाला ते ओढ्यापाशी सापडले. गुडघे सोललेले, अंग चिखलाने माखलेलं. "कारवी बघायला निघालोय म्हणतात," तो म्हणाला. "मॅडम, दाराला वरून कडी लावा ना. पुढच्या वेळी मी असेन कशावरून?"

क्षमाने कडी लावली. भिंतीवरचं कॅलेंडर काढून माळ्यावर टाकलं. संध्याकाळी सरांनी विचारलंच.

"चौऱ्याऐंशी, ब्याण्णव, दोन हजार, आठ, सोळा. म्हणजे आता चोवीस. हे कुठलं साल गं?"

"तेवीस," क्षमा म्हणाली. "कारवी पुढच्या वर्षी."

ते वाद घालतील म्हणून ती कंबर कसून बसली होती. पण त्यांनी मान डोलावली आणि आमटी-भात मुकाट्याने जेवले. विद्यार्थ्याच्या एका वेलांटीवरून तास डोक्यावर घेणारा माणूस! त्याने निमूट ऐकलं याचंच तिला रडू आलं.

सप्टेंबरात घाटकोपरहून दीप्तीचा फोन आला. "आई, डोंगर नुसता जांभळा झालाय म्हणे. मी गाडी आणते, बाबांना रस्त्यावरूनच दाखवू. पुढची बत्तीसला, कळतंय ना तुला?"

"आणि तिथून हललेच नाहीत तर? ओरडले, मला ढकललं तर? तू एक दिवस येशील गं. मागून मला एकटीला निस्तरायचं असतं."

खरं म्हणजे ती थकली होती. शिवाय त्या उताराशी उभं राहून सरांनी 'आपण कोण?' असं विचारलं असतं, तर ते तिला सोसलं नसतं. घरात विचारत, ते ती सोसत होती. तिथे नाही.

तरी एके सकाळी शेजारणीला घरात बसवून, भाजीला जाते सांगून, ती एकटीच जाऊन आली. कारवी तिच्या डोक्याहून उंच फुलली होती आणि सगळा उतार मधमाश्यांनी घुमत होता. तिला काही बघवेना. जेवायला बोलावलेल्या माणसाला बाहेर ठेवून आपणच ताटावर बसल्यागत वाटलं. घरी आली तर ओढणीला एक फूल अडकून आलेलं. सरांनी ते चिमटीत धरलं, उजेडात फिरवलं.

"हे कुठलं?"

"गोकर्ण," ती म्हणाली. "खालच्या कुंपणावरचं."

"असेल," सर म्हणाले आणि फूल टीपॉयवर ठेवून दिलं. ते तिथेच सुकलं. तिला टाकवेना.

थंडीत सर पार खचले. आता ते पळून जाण्याची धास्ती उरली नाही. एका रविवारी दीप्तीने हट्टच धरला आणि तिघं कान्हेरीच्या रस्त्याला गेली. गाडी थांबली. उतारभर नुसत्या वाळलेल्या काठ्या होत्या. पानं गळालेली. शेंड्यांना तपकिरी, केसाळ, चिकट तुरे, बोंडांनी भरलेले. सगळं रान एकदम मेलेलं.

सर दीप्तीच्या हातावर भार टाकून रस्त्याच्या कडेशी आले. एक तुरा त्यांनी नाकाशी नेला. तो उग्र वास आत गेला आणि किती तरी महिन्यांनी त्यांचा चेहरा उजळला. ज्याला कळी आणि बोंड यांतला फरक कळत नाही त्याने किराणा दुकान टाकावं, असं हा माणूस भर वर्गात सुनावत असे.

"क्षमा," त्यांनी हाक मारली. नावाने. "कळ्या धरल्यात बघ."

दीप्तीने आईकडे पाहिलं.

"तू म्हणालीस तस्सं. पुढच्या वर्षी फुलणार. मला वाटत होतं, आपलं गेलं की काय ते साल." ते हसले. "तू आहेस म्हणून कळतं. येशील ना बरोबर?"

"येईन," क्षमा म्हणाली.

तिला तिथून पळून जावंसं वाटत होतं. ती घाईने पुढे झाली, त्यांचा दंड धरला आणि गाडीकडे वळवू लागली. तिच्या खांद्याला लागून एक वाळकी फांदी कडकन मोडली.

"हळू गं," सर कळवळून म्हणाले. "कळ्या पडतील."

मग क्षमाने ओढणी आवरून घेतली आणि त्या मेलेल्या काठ्यांना धक्का लागू न देता, अंग चोरून, त्यांना हळूहळू गाडीपर्यंत आणलं.