भिंगरीला कोणी न्यायचं

मी पुस्तकं वाचतो. म्हणजे पोटासाठी वाचतो. काचेच्या खोलीत माईकसमोर बसून, ज्यांना वाचायला सवड नाही किंवा डोळे साथ देत नाहीत त्यांच्यासाठी. स्वयंपाकापासून शेअरबाजारापर्यंत सगळं वाचून झालंय, पण जास्त करून मला रहस्यकथाच देतात. माझ्या आवाजात म्हणे संशय आहे. संशय कसला डोंबलाचा? दोन-दोन दिवस कोणाशी बोललं नाही की कोणाचाही आवाज असाच खरखरतो.

माझा एक हट्ट आहे. पुढचं प्रकरण मी आधी वाचत नाही. बाकीचे निवेदक आख्खं पुस्तक वाचून, पेन्सिलीनं खुणा करून येतात. मी कोरा बसतो. पुढे काय होणार हे वाचणाऱ्यालाच ठाऊक नसलं की ते आवाजात आपोआप उतरतं, असं माझं म्हणणं. या हट्टापायी तोंडघशीही पडलोय. एका मामाला मी असा काही खुनशी आवाज दिला की ऐकणाऱ्यांनी पहिल्याच प्रकरणात त्याला फासावर चढवलं, आणि तो बिचारा शेवटपर्यंत नुसताच प्रेमळ निघाला. काचेपलीकडे रेकॉर्डिंग सांभाळणारी बाई माझ्या निम्म्या वयाची आहे. ती मला काका म्हणते आणि हे सगळं पोटात घालते.

तर या वेळच्या पुस्तकात एका गोदामाच्या पहारेकऱ्याचा खून होतो आणि तिसऱ्या प्रकरणात त्याची मुलगी येते. सात वर्षांची. एका जागी बसत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. तपास करणारा साहेब विचारतो, तू काय पाहिलंस, तर ती त्यालाच विचारते, तुम्ही जेवलात का. ड्यूटीवरच्या माणसाला आधी जेवणाचं विचारायचं, ही बापाची शिकवण. तिथं मी थांबलो. घसा का, असं बाईनं पलीकडून विचारलं. मी म्हटलं, हो, घसाच.

लहान मुलाचा आवाज काढणं सोपं नाही. नुसता बारीक केला की उंदीर बोलल्यासारखं वाटतं. मी तिच्यासाठी आवाज बारीक केलाच नाही. फक्त घाई घातली, शब्द एकमेकांच्या अंगावर जाऊ दिले आणि वाक्य संपायच्या आत श्वास संपवला. आणि ती उभी राहिली. इतक्या वर्षांत माझ्या गळ्यातून चोर, वकील, विधवा, डॉक्टर किती निघाले, पण असं समोर येऊन कोणी उभं राहिलं नव्हतं.

मग ती घरी यायला लागली. यात भुताखेताचं काही नाही. आवाज माझाच, तो स्टुडिओत ठेवून कसा येणार? कुलूप काढताना मी तिच्या आवाजात म्हणायचो, आधी दिवा लाव. आणि माझ्या आवाजात म्हणायचो, लावतो, जरा दम धर. भांडी घासताना आमचं भांडण व्हायचं. मी एकटा राहतो. लग्न मी केलं नाही असं मी सांगतो, कोणी मुलगी दिली नाही असं ताई सांगते. एकदा ताईचा फोन तसाच चालू ठेवून मी उतू जाणारं दूध उतरवायला गेलो. परत आलो तर तिनं विचारलं, तुझ्याकडे हे लहान मूल कोणाचं आलंय. कोणाचं नाही, पुस्तकातली मुलगी आहे, सराव करत होतो, असं मी सांगितलं.

ताई म्हणाली, "चार दिवस इकडे येऊन राहा."

काम आहे, असं मी म्हणालो. खोटं नव्हतं, काम होतंच.

पुस्तक पुढे सरकलं तसा माझा जीव टांगणीला लागला. इतके खून वाचल्यावर एक गोष्ट कळली आहे: लेखकानं पोराला गोड केलं की तो आतल्या खोलीत सुरीला धार लावत असतो. भिंगरीनं खुन्याची गाडी पाहिली होती. तिनं ते साहेबाला सांगितलं. साहेबानं तिला आत्याच्या घरी सोडलं. आत्या म्हणाली, आजची रात्र ठेवते, उद्याचं तुमचं तुम्ही बघा. भिंगरी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली, पाय खाली पोचत नव्हते. तिथं प्रकरण संपलं आणि साहेब गाडीच्या मागे लागला.

पुढचं प्रत्येक पान मी हळूहळू उलटायचो. खिडकी वाजली की मला आत्याचं स्वयंपाकघर दिसायचं. आयुष्यात पहिल्यांदा पुढचं वाचून टाकावंसं वाटलं. नाही वाचलं. तेव्हा मात्र हट्ट नव्हता, सरळ भीती होती.

शेवटी गोदामाचा मालकच खुनी निघाला. साहेबानं त्याला बेड्या घातल्या, घरी गेला, बायकोनं चहा केला, त्यानं खिडकीतून उजाडताना पाहिलं. मी पान उलटलं. पुढे कोरं. त्याच्यापुढे प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची जाहिरात.

भिंगरी कुठाय, असं मी विचारलं. बाईला आधी कळेचना. मग म्हणाली, आत्याकडे होती की. मी म्हटलं, एका रात्रीपुरती. तिनं पडद्यावर वरखाली शोधलं. स्टुलावर बसल्यानंतर तिचं नाव कुठेच नव्हतं.

"मेली तर नाही ना काका," ती समजुतीनं म्हणाली, "मग झालं."

"मेली असती तर निदान कोणी तिचं नाव तरी घेतलं असतं."

हे मी जरा जोरात बोललो असेन, कारण तिनं हेडफोन कानावरून काढले.

लेखकाचा नंबर प्रकाशकाकडून मिळवला. माणूस भला होता, वर्षाला तीन-चार पुस्तकं पाडतो. त्यानं माझ्या आवाजाचं कौतुक केल्यावर मी विचारलं, पहारेकऱ्याच्या मुलीचं पुढे काय होतं.

"कोण मुलगी?" तो म्हणाला. मग आठवली. "अच्छा, ती. अहो, तिनं गाडी पाहिली ना? मग झालं तिचं काम."

गरज सरो, वैद्य मरो. मी रागानंच विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी तिला कोणी न्यायचं? ते त्याला बोचलं असावं. तो हसून म्हणाला, एवढं वाटतंय तर एक वाक्य तुम्हीच घाला, मला पाठवा, मी हरकत घेणार नाही.

रविवारची सगळी दुपार त्या एका वाक्यात गेली. 'आत्यानं तिला कायमचं ठेवून घेतलं' असं लिहिलं आणि खोडलं. ती बाई पहिल्या दिवसापासून दूध मोजून देणार. 'साहेबानं तिला दत्तक घेतलं' हेही खोडलं. त्याला तिचं नाव आठवलं नव्हतं, चहा बरा आठवला. मग मला जे लिहायचं होतं ते लिहिलं: 'एका साठीच्या गृहस्थानं तिला आपल्या घरी नेलं. तो एकटाच राहत असे.' मोठ्यानं वाचून पाहिलं. आवाज हा असा, संशयाचा. मलाच घाम फुटला. रहस्यकथेत एकटा म्हातारा लहान मुलीला घरी नेतो म्हणजे पुस्तक संपलं नाही, दुसरा भाग सुरू झाला. मी हसलो, मग मला रडू आलं. मला ती हवी होती. बाकी कोणाला नको होती म्हणून नव्हे, मला हवी होती.

डोळे पुसून सगळं पुस्तक पुन्हा चाळलं. एक लक्षात आलं: तिच्या आईचा त्यात कुठेच उल्लेख नव्हता. मेली असं नव्हतं, सोडून गेली असंही नव्हतं. लेखक तिलाही विसरला होता. माझं फावलं, आणि फावलं म्हणून वाईटही वाटलं. मी लिहिलं: 'त्याच सकाळी भिंगरीची आई आली आणि तिला घेऊन गेली.' पुढे लिहिलं: 'जाताना भिंगरीनं एकदा मागे वळून पाहिलं.' आई न्यायला आल्यावर कुठलं मूल मागे बघतं? ते खोडलं. राहिलेलं लेखकाला पाठवलं. 'चालेल' असं उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी बाईला वाक्य कुठे बसवायचं ते दाखवलं. तिनं वाचलं आणि लाल दिवा लावला. मी वाचलं. दिवा विझला.

"काका, एकदा परत घेऊ या," ती हळूच म्हणाली. "'घेऊन गेली'वर आवाज हलला."

मी पाणी प्यालो. दुसऱ्यांदा ते वाक्य सरळ वाचलं, कुठेही न हलता, आणि भिंगरी गेली.