कपाळावरचा बर्फ

नणंद आणि भावजय एकाच घरात राहत, एकाच सेटवर कामाला जात, आणि दोघींमध्ये विस्तव जात नव्हता. नणंद मेकअप करायची. भावजय फ्लोअर मॅनेजर. दिग्दर्शक काचेमागून जे सांगेल ते खालच्या माणसांकडून करवून घ्यायचं, हे तिचं काम. तिच्या आवाजामुळे सगळे तिला शिट्टी म्हणत. ही नोकरी तिला नणंदेच्या शब्दावर मिळाली होती आणि ते नणंदेने तिला कधी विसरू दिलं नव्हतं.

कार्यक्रम प्रश्नोत्तरांचा होता. साथ आली तसे आधी प्रेक्षक बंद झाले, मग शूटिंगच. शिट्टीच्या नवऱ्याच्या दुकानाला कुलूप लागलं. चार खोल्यांत सगळे कोंडले गेले आणि नणंद-भावजयीला भांडायला कारणही लागेनासं झालं.

काही महिन्यांनी काम पुन्हा सुरू झालं, पण सेट ओळखू येईना. खुर्च्यांवर माणसांऐवजी पुठ्ठ्याचे चेहरे बसवले होते. टाळ्या आणि हशा जुन्या भागांतून उचलून लावायचे. दोन स्पर्धकांच्या मध्ये काच. बझर दर वेळी पुसून पुसून इतका ओला व्हायचा की दाबला तरी वाजायचा नाही, मग आधी कोणी दाबला यावरून स्पर्धक हमरीतुमरीवर यायचे. दारात ताप मोजायचं यंत्र घेऊन उभं राहायचं काम कोणालाच नको होतं, म्हणून ते शिट्टीच्या गळ्यात पडलं. तिने एका लाइटवाल्याला परत पाठवलं. तो नुसता उन्हातून चालत आला होता म्हणे. त्या दिवसापासून लाइटवाल्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं.

कार्यक्रमाचा निवेदक मात्र दारातून येतच नसे. त्याला मागची वाट होती. पडद्यावर तो आज्यांच्या पाया पडायचा आणि कॅमेरा बंद झाला की चहा गार झाला म्हणून कप भिरकावायचा. शिट्टीला तो सगळ्यांसमोर 'आमची वॉचमन' म्हणायचा. नणंदेला तो देवासारखा वाटे.

त्या दिवशी वृद्ध जोडप्यांचा खास भाग होता. म्हातारी माणसं नवे कपडे घालून सकाळपासून बाहेरच्या खोलीत लांब लांब बसली होती. निवेदक येईना म्हणून शिट्टी मेकअपच्या खोलीत गेली. तो अंगावर शाल घेऊन खुर्चीत बसला होता, डोळे लाल. नणंद बर्फ गुंडाळलेला टॉवेल त्याच्या कपाळावर दाबत होती. शिट्टीला पाहताच तिने टॉवेल पाठीमागे लपवला आणि स्वतःच म्हणाली, घे माप. कपाळावर यंत्राने ताप दाखवलाच नाही. शिट्टीने ते त्याच्या मानेवर धरलं. ताप चांगलाच होता.

निवेदक हसला. वॉचमनबाई आता डॉक्टरही झाल्या, म्हणाला, आणि खोकला.

नणंदेने शिट्टीला दंडाला धरून बाहेर ओढलं.

"तोंड उघडलंस तर काम पुन्हा बंद पडेल. माझ्या भावाचं दुकान बसलंय. सगळ्यांच्या पोटावर पाय आणशील."

"आणि बाहेर बसलेत त्यांचं काय, ताई?"

"त्यांच्यामध्ये काच आहे."

"तुमच्या आणि निवेदकांच्या मध्ये कुठे आहे? तुम्ही तर त्यांच्या तोंडाला हात लावता."

"माझं मी बघेन. तू आमच्या घरात आलीस तेव्हापासून बघतेच आहे."

शिट्टी निर्मात्याकडे गेली. त्याने ऐकून घेतलं आणि पुन्हा कपाळावरच माप घे, असं सांगितलं. चॅनेलला भाग द्यायचा होता. शिट्टी वळली, तडक बाहेरच्या खोलीत गेली आणि तिने त्या खणखणीत आवाजात सांगून टाकलं, की निवेदकाला ताप आहे, आपापल्या घरी जा. कोणी तिचे आभार मानले नाहीत. एक आजी तर अंगावरच आल्या. महिनोन्‌महिने घोकंपट्टी केली होती त्यांनी. आम्ही मेलो तर तुझं काय जातं, असं म्हणत त्या नवऱ्याचा हात धरून तणतणत निघाल्या.

निवेदकाला लागण झाल्याचं कळलं आणि सेटला टाळं लागलं. जाताना कोणीतरी शिट्टीच्या पिशवीत तो ओला टॉवेल कोंबला होता. ते घरी गेल्यावर कळलं, डबा भिजला तेव्हा.

चार दिवसांत नणंदेला ताप चढला. सेटवर शिट्टीही होतीच, म्हणून दोघींना एकाच खोलीत ठेवलं गेलं. नणंदेला बसता येईना, श्वास पुरेना. शिट्टी तिला पाठीला उशा लावून उठवायची, पेज भरवायची, अंग पुसायची. नणंद तिच्या हातून घोट घ्यायची आणि दम मिळाला की तिला शिव्या घालायची. शिट्टी म्हणायची, आधी गिळा, मग बोला. तिला दया आली नव्हती. ही या खोलीत मेली तर जन्मभर माझ्या नावाने बोंब होईल, एवढंच तिच्या मनात होतं. नणंद वाचली.

शूटिंग सुरू झाल्यावर नणंदेला बोलावणं आलं. शिट्टीला आलं नाही.

पहिला भाग लागला तेव्हा सगळं घर टीव्हीसमोर होतं. निवेदक थोडा वाळलेला होता. भरल्या डोळ्यांनी त्याने सांगितलं, की त्या दिवशी अंगात जरा कणकण वाटली तसं मी स्वतःच शूटिंग थांबवलं. माझ्या आजीआजोबांच्या जिवापुढे कार्यक्रम काय मोठा? पुठ्ठ्याच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. माणूस मोठा आहे हो, शिट्टीचा नवरा म्हणाला.

शिट्टीने नणंदेकडे पाहिलं. "हे बोलले तेव्हा तुम्ही तिथे होतात?"

"होते."

"काही म्हणाला नाहीत?"

"पावडर हातात होती माझ्या," नणंद म्हणाली आणि तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी शिट्टीने आपली भांडी वेगळी काढली आणि मागच्या खोलीत शेगडी मांडली. नवऱ्याने दोनदा समजूत घातली, मग तो चिडला, मग दारात उभं राहून त्याने विचारलं, मी जेवायचं कुठे?

"ते तुमचं तुम्ही ठरवा," ती म्हणाली आणि तवा तापत ठेवला.